‘बघू’चं भाषांतर

धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला आमच्या भाषेत साधं पाणी मागता येत नव्हतं. आता सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हिचं बोलणं ऐका, किती गोड! मी जन्मापासून हीच भाषा बोलतेय, माझं मेलं कुणाला कौतुक? बरं, बाईसाहेब तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मी परराष्ट्र खात्यात दुभाषी, तर हीसुद्धा दुभाषी. तिचं माहेर आमच्या मित्रदेशातलं. दोन्ही देशांच्या बैठकांत पूर्वी मी एकटी बोलायचे. आता त्यांचं बोलणं मी आपल्या भाषेत आणायचं आणि आपलं त्यांच्या भाषेत तिनं न्यायचं. पाहुण्यांच्या कानात तिचा आवाज, म्हणजे मानही तिचाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दोन देशांची मैत्री जुनी, पण भीती एक नाही. समुद्रापलीकडच्या लोकांनी तिच्या आजीच्या लहानपणी त्यांचं बंदर जाळलं होतं. अजूनही तिच्या माहेरी मुलं निजण्याआधी खिडकीतून अनोळखी बोट दिसते का ते पाहतात. आमच्या घरातही ती भरदुपारी कडी लावते आणि बेल वाजली की आतून आधी ‘कोण?’ विचारते. आम्ही दार सताड उघडं टाकून शेजारी गप्पा मारणारी माणसं. आमच्यावर त्या बाजूनं कधी कुणी चालून आलं नाही. पलीकडचे म्हणजे आमच्या लेखी घासाघीस करणारं गिऱ्हाईक. आम्हाला धास्ती असते ती विहिरी आटण्याची.

ती नवी असताना एक गंमत झाली होती. माहेरी जाऊन येऊ का, असं तिनं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बघू.’ तिच्या भाषेत बघणं आणि पहारा देणं याला एकच शब्द, आणि तो उच्चारला की वचन दिल्यासारखं. बाई बॅग भरून संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून राहिल्या. घरातले सगळे हसले. मी तर पोट धरधरून हसले.

परवा बैठक होती. त्यांचे नौदलप्रमुख कळकळीनं सांगत होते की पलीकडच्या बोटी रोज थोड्या जवळ येताहेत, आपण मिळून गस्त घालू. मी ते आमच्या सचिवांना जसंच्या तसं सांगितलं. सचिवांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ‘बघू.’ काचेच्या खोलीत माझ्या शेजारी बसलेल्या जावेनं माइकवर त्याचं भाषांतर केलं: आम्ही पहारा देऊ.

प्रमुखांचा चेहरा उजळला. त्यांनी उठून सचिवांचा हात दोन्ही हातांत घेतला. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. सापडली एकदाची! मी माइक ओढला आणि त्यांच्या भाषेत, अगदी नम्रपणे, दुरुस्ती सांगितली. सचिवांच्या म्हणण्याचा अर्थ, आत्ता नाही, आणि बहुधा कधीच नाही. प्रमुखांनी हात सोडला. बैठक तिथंच आटोपली. काय घोटाळा झाला ते माझ्याकडून ऐकून सचिव जाता जाता म्हणाले की यापुढे दोन्ही बाजू तुम्हीच सांभाळा.

जिन्यात मी तिला गाठलं. इतका साधा शब्द कसा गं चुकला, असं विचारलं, आवाजात जमेल तेवढी माया आणून.

‘चुकला नाही, ताई. त्याचा अर्थ मला तुमच्याच घरात कळला. बॅग भरून बसले होते ना मी.’

‘मग असं का केलंस?’

‘बाबा त्याच किनाऱ्यावर राहतात. एकटेच.’

एवढं सांगून ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. जावेनं त्यांच्यासमोर बसून विचारलं, उद्या जाऊन बाबांना इकडे घेऊन येऊ का, कायमचं. सासूबाईंनी टॉवेल झटकला. ‘बघू,’ म्हणाल्या.

जाऊ माझ्याकडे वळली. ‘ताई, दोन्ही बाजू आता तुमच्याकडे आहेत. याचं भाषांतर तुम्हीच करा.’

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्या हातातला टॉवेल घेतला.

‘हो म्हणताहेत,’ मी म्हणाले. ‘बॅग भर.’

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतक्या वर्षांत मी जाणूनबुजून केलेलं हे पहिलं चुकीचं भाषांतर. तेसुद्धा तिचंच पाहून शिकले, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.