चुलतभावाचे दोन सूर

मी बोलतोय, इथे, या काटेरी जाळीतून. शोधत बसू नका, दिसायचा नाही. मूठभर जीव, त्यात रंग सुक्या पानाचा. मला घडवताना देवाकडचे रंग संपत आले असावेत.

खालच्या उतारावर माझा चुलतभाऊ राहतो. माझ्या डोळ्यावर पिवळसर भुवई आहे, त्याला नाही; बाकी सगळं सारखंच. गाणं मात्र वेगळं. त्याची शीळ दोन सुरांत आटपते, माझी आणखी वर, तिसऱ्या सुरावर जाते. रान त्याचंही कमी होतंय, पण त्याला अजून चार डोंगर उरलेत. माझ्या जातीला हा एकच.

आता इथे खाण निघणार म्हणे. माझी जात सापडली तरच ती थांबेल. म्हणून पक्षी मोजणाऱ्या ताई आल्या, सोबत वनरक्षक मामा. झाडीत भुवई कुठली दिसायला! यांची रीत अशी: स्पीकरवर गाणं लावायचं, जो जे गाणं म्हणेल त्याची नोंद करायची.

पहिल्या सकाळी चुलतभावाचं गाणं लावलं. मी गप्प बसावं की नाही? पण आमच्यातलं बोलायला कोणी उरलं नाही. त्याच्याशीच बोलून बोलून त्याचीच बोली तोंडात बसलीय. लगेच ओ दिली, दोन सुरांत! काल तर हौसेने दोनदा गायलो.

"ताई, मला भुवई दिसली बरं का," मामा म्हणाले.

"नुसतं दिसून चालत नाही हो मामा. गाणं ऐकू यायला हवं. लिहा, खालचाच."

आज शेवटची सकाळ. ताईंनी एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. तीन सूर.

अहो, ते माझे बाबा होते!

आणि मी, कोणाच्याही हाकेला धावणारा बडबड्या, वाचा बसल्यासारखा गप्प. नुसता ऐकत राहिलो. ताईंनी पुन्हा लावलं, मी पुन्हा ऐकत राहिलो. इतका गाढव पक्षी दुसरा नसेल.

"नाही हो मामा, संपलं," ताईंनी स्पीकर बंद केला. "वही मिटा."

"चहा तरी घ्या ताई. मग निघू."

तेवढाच वेळ आहे. धीर करून मी उघड्या फांदीवर आलो. मनातल्या मनात पहिला सूर लागला. दुसराही लागला. तिसरा काही केल्या आठवेना. इतकी वर्षं म्हटलाच नव्हता ना! नुसते दोन गायलो तर चुलतभावाच्याच नावावर जातील.

ताई, चहा राहू द्या. तो स्पीकर एकदाच, एकदाच लावा. बाबांच्या मागोमाग म्हणतो मी.