बर्फाच्या गावचा आर्विड

वसाहतीच्या पहारेकऱ्याची पांढरी गाडी आर्विडच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

"काका, कुणाकडे आलात?"

"कुणाकडे नाही. इथंच राहतो. ते वळणावरचं घर सिग्नेचं. मी तिचा बाप."

पहारेकरी ओशाळला. वरच्या एका घरातून फोन आला होता म्हणे, की कुणी अनोळखी म्हातारा सकाळपासून रस्त्यावर येरझारा घालतोय. ऊन फार आहे, घरी सोडतो, म्हणून त्यानं दार उघडलं. घर समोर दिसत होतं, तरी आर्विड गाडीत बसला. तेवढंच कुणाशी बोलणं. पण उकाड्याबद्दल दोन वाक्यं होताहेत तोवर घर आलंसुद्धा.

फेब्रुवारीत तो इथं आला, वाळवंटातल्या फिनिक्स शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. त्याआधी सगळा जन्म त्यानं उत्तरेतल्या सरोवराकाठच्या गावात काढला होता. हिवाळाभर बर्फ काढणारी गाडी चालवायची, उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचे. बायको, ओडा, गेल्यावरही तो तिथंच एकटा राहिला. मग जानेवारीत अंगणात घसरून पडला आणि शेजाऱ्याच्या नजरेला पडेपर्यंत तसाच बर्फात पडून राहिला. सिग्ने विमानानं आली आणि त्याला घेऊन गेली.

लेक दातांची डॉक्टर, जावई ग्रँट बंगल्यांचे नकाशे काढणारा. दोघंही मायेची. त्याला दिलेल्या खोलीची एक भिंत अख्खी काचेची होती आणि काचेपलीकडे डोंगर. पाहुणे तिथं उभे राहून हरखून जात. आर्विडही पहिला आठवडाभर हरखला. मग त्याच्या लक्षात आलं, की या डोंगरावरून कधी कुणी खाली येत नाही. उन्हाळा लागला तशी निम्मी घरं पडदे ओढून थंड मुलखात निघून गेली. उरलेल्यांच्या गाड्या आवाज न करता गॅरेजात शिरत आणि मागं दार बंद होई. आर्विड फ्रीज उघडून पुन्हा बंद करायचा. या खोलीतून त्या खोलीत जायचा. एकदा निवडुंगाभोवतीचे दगड नीट लावले, तर सिग्ने हसून म्हणाली, की त्या कामाला माणूस येतो, बाबा.

त्यानं मनाशी ठरवलं होतं, ऑक्टोबरात परत जायचं, बर्फाच्या आधी. पहारेकऱ्यानं घरी सोडलं त्या रात्री जेवताना त्यानं ते बोलून टाकलं. ग्रँट उठून ताटल्या सिंकपाशी घेऊन गेला. सिग्नेनं काटा खाली ठेवला.

"बाबा, घर विकलं. एप्रिलमध्येच."

"तुमची तब्येत तेव्हा... मुखत्यारपत्र माझ्याकडं होतं. मी सांगणारच होते. रोज ठरवत होते." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही पुन्हा पडला असतात, तर मला कळलंसुद्धा नसतं."

ते खरं होतं, म्हणून त्याला रागावताही येईना. बराच वेळ तो टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिला.

"कुणी घेतलं?"

"एक जोडपं आहे. दोन लहान मुलं आहेत."

"सरोवराकडचा वारा सुटला की शेगडीचा धूर घरात येतो. मागचं दार बंद ठेवावं लागतं. सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"मग फोन लावून दे."

तो फोन घेऊन आपल्या खोलीत गेला. पलीकडे घर घेणारी बाई होती. कोण बोलतंय ते कळल्यावर आधी बिचकली, मग मोकळी झाली. धुराचं ऐकून तिनं नवऱ्याला हाक मारली, परवाच डोळे चोळून हैराण झालो होतो म्हणाली. आर्विडनं मग न्हाणीच्या खिडकीचं सांगितलं, अंगणातल्या उताराचं सांगितलं. बर्फ पडला की तिथं राख टाका, मुलं घसरतील. सिग्ने दाराशी उभी राहून ऐकत होती. आत यायचं तिचं धाडस झालं नाही.

बाईनं विचारलं, "कधी येणार का इकडं? घर बघायला?"

"नाही," आर्विड म्हणाला. "मी आता इकडेच, लेकीकडे."

बाई आभार मानत होती. तेवढ्यात तिच्यामागून धडधड पावलं गेली, कुणी पोर जिना चढत होतं, आणि वरून तिसरी पायरी करकरली. ओडा रोज त्या पायरीवरून कुरकुरायची. दुरुस्त करू म्हणता म्हणता राहूनच गेली होती.

"बरं, ठेवते मग," बाई म्हणाली.

"जरा थांबा," आर्विड म्हणाला. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. "ते पोर खाली उतरेपर्यंत थांबा."