भेगेचा आलेख

माझा थोरला भाऊ आणि मी मुलींच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. दादा गणित, मी भाषा. दादाच्या वर्गात फळ्याशेजारच्या भिंतीला भेग होती. दर सोमवारी तो तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारायचा आणि मुलींना म्हणायचा, "हे वाढतं फल, म्हणजे फंक्शन. भेग पुढे जाईल, थांबेल, पण मागे येणार नाही." मुली हसायच्या. मीही त्याची खेचायचे.

सुट्टीनंतर वर्ग उघडला, तर भेग शेवटच्या रेघेपासून वीतभर पुढे गेलेली. दादाचा चेहरा उतरला. तो तडक प्राचार्यांकडे निघाला. मी मागोमाग, कारण चिडला की त्याचा जिभेवर ताबा राहत नाही.

प्राचार्यांनी वर्षाच्या वाढीला बारांनी भागलं. "महिन्याला बोटभर फार तर. परीक्षा होऊ द्या, मग बघू."

"सर, तुम्ही ठिपके सरळ रेषेने जोडताय," दादा म्हणाला. "मधे उडी आहे. वाढत्या फलात खंड पडतो तो उडीनेच, आणि अलीकडून कितीही जवळ जाऊन बघा, ती कळत नाही. पुढची कधी येईल हे मी सांगू शकत नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," प्राचार्य म्हणाले.

भेगेवर गिलावा चढला. दादा दारात आडवा उभा राहिला, मुलींना आत सोडेना. त्याला घरी बसवलं.

परीक्षेत देखरेखीला मला नेमका तोच वर्ग आला. पेपर निम्मा झाला असताना गिलाव्यावर केसाएवढी रेघ दिसली. गिलावा वाळतानाही अशा रेघा पडतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी सगळ्यांना बाहेर काढलं. मैदानातून आम्ही बराच वेळ भिंतीकडे बघत राहिलो. काहीही झालं नाही. पेपर रद्द झाला, काही जणींचं वर्ष वाया गेलं आणि मीही घरी बसले.

आता तिथे दुसरे सर शिकवतात. दादा संध्याकाळी फिरायला म्हणून जातो आणि कॉलेजावरून येतो. "भिंत उभी आहे," एवढंच सांगतो.

परवा हेच सांगताना त्याचा आवाज हिरमुसलेला होता. मी त्याच्यावर ओरडणार होते, की अरे, आत पोरी बसतात. पण तो दारात दिसला तेव्हा मीसुद्धा काहीतरी वेगळं ऐकायला मिळेल म्हणून उठले होते.