ओल्या पावलांची साक्ष

मी एक जुनी शहाबादी लादी आहे. मित्रांनो, तुम्ही मला नुसती पायरी समजाल. पण १९५४ साली मालाडच्या एका शाळेत मी मोजमापाचे साधन होते.

विद्याधर गुरुजी तेथे योगासने शिकवत. ते मुलांना नळावर पाय भिजवून माझ्यावर उभे करत. पाय उचलला की ओला ठसा उरे. तळव्याला कमान असेल, तर तेवढ्या जागी मी कोरडी राही. नसेल, तर अख्खा तळवा उमटे. ठसा वाळण्याआधी गुरुजी भोवती खडूने रेघ ओढत आणि त्याचा आराखडा कागदावर उतरवून घेत.

वर्गातल्या कुंदाचा पहिला ठसा विटेसारखा सपाट होता. निमुळत्या बुटांत तिची बोटे एकमेकांवर चढली होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली सगुणा जन्मभर अनवाणी चाललेली. तिचा ठसा मधोमध कोरडा आणि बोटे पंख्यासारखी मोकळी.

"पाय बघा हिचे, बदकाचे!" कुंदा हसली.

"बदक तुझ्यासारखा लंगडत नाय गो!" सगुणा म्हणाली.

गुरुजींनाही हसू आले. "कुंदा, हिच्याकडून शीक. उद्यापासून वर्गात बूट बंद."

वर्षभर कुंदाने अनवाणी टाचा उचलल्या, पायाच्या बोटांनी रुमाल वेचला, सगुणाचा हात धरून एका पायावरचे वृक्षासन साधले. पुढच्या वर्षी तिच्या ठशात बोटाएवढी कोरडी जागा दिसली. गुरुजींनी मला नारळाच्या शेंडीने स्वतः घासले. "ही लादी खोटे बोलत नाही," ते म्हणाले. गुरुजीही खोटे बोलणार नाहीत, असे मी धरून चालले.

स्नेहसंमेलनात तीस मुले वृक्षासन करणार होती; सगुणा सर्वांपुढे. आदल्या दिवशी गुरुजींनी फर्मावले, "उद्या सगळे बुटांत. पाहुण्यांपुढे अनवाणी बरे दिसत नाही."

सगुणाकडे बूट नव्हते. कुंदाने टाकून दिलेले तेच निमुळते बूट तिला मिळाले. माझ्यावर बसूनच तिने ते कसेबसे चढवले.

"गुरुजी, बोटं चेपतात."

"एका आसनापुरतं सोस."

तिच्या पावलाचा आराखडा गुरुजींच्या कपाटात होता. त्यांनी तो काढून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तीन आकडे मोजायच्या आत सगुणा पडली. मैदान हसले. गुरुजी पाहुण्यांना म्हणाले, "कोळ्याची पोर. तोल सांभाळता येत नाही." तिच्या जागी कुंदाला उभे केले. कुंदा सगुणाकडे न बघता पुढे येऊन उभी राहिली.

सगुणाची आई अंजनाबाई माझ्यावर पाय रोवून म्हणाली, "माझी पोर होडीच्या काठावर चालते, गुरुजी. तिला तुमच्या बुटांनी पाडली!" गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि मान वळवली. त्याच आठवड्यात माझ्यावर काथ्याचे पायपुसणे पडले. सगुणा पुन्हा वर्गात आली नाही.

मित्रांनो, पायांना रोज थोडा वेळ मोकळे सोडा. बूट घ्याल, तेव्हा बोटांना ऐसपैस जागा ठेवा. आणि ज्यांच्या पावलांवरून शिकलात, त्यांना चारचौघांत नाकारू नका.

एकदा पायपुसणे धुवायला नेले होते. मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली सगुणा नळावर थांबली. तिने पाय धुतले. मी कोरडी, तयार होते. ती मला वळसा घालून मातीतून निघून गेली.