फाटकावरचा टॉवेल

डोंगरावर वणवा पेटला होता आणि गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमलं होतं. बास्केटबॉलच्या एका जाळीखाली अग्निशमन दलाचं टेबल, दुसरीखाली शेरीफच्या कचेरीचं. मधे कॉफी, डोनट आणि घाबरलेली कुत्री. दोन्हीकडे माणसं मान मोडून राबत होती, पण या टेबलाचं त्या टेबलाला सांगायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

मार्लाचे वडील व्हर्जिल वर एकटेच होते, चाकाच्या खुर्चीत. रस्ता बंद, त्यामुळे तिला जाता येईना. ती अग्निशमनच्या कॅप्टन ओडेलपुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं घराचा पत्ता सांगितला.

"ज्युनिपर रस्त्यावरचं निळं घर? फाटकाला पांढरा टॉवेल आहे. घर सोडताना बांधा, असं आम्हीच सांगितलंय. रिकामं आहे, बाई. निर्धास्त राहा."

मार्लाचा जीव भांड्यात पडला. पण मग डॅड गेला कुठे?

"ते शेरीफवाल्यांना विचारा."

डेप्युटी पाचेकोनं मानही वर केली नाही. "टॉवेल बांधलाय ना? मग झालं. मदत हवी असेल त्यानं टॉवेल बांधायचा, हे आम्ही घरोघर सांगितलंय. अग्निशमनवाले बघतील आणि उचलतील."

एक म्हणतो घरात कुणी नाही, दुसरा म्हणतो माणूस आत आहे. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं मार्लाला वाटलं. तिनं घरी फोन लावला.

"डॅड, तू घरीच आहेस?"

"मग काय नाचायला जाऊ? शेजारीण जाताना टॉवेल बांधून गेली. लाल गाडी दोनदा गेली, एकानं टॉवेलकडे बघून अंगठासुद्धा दाखवला. येतीलच आता." त्यांना खोकल्याची उबळ आली.

"टॉवेल काढ, डॅड!"

"फाटकापर्यंत पायऱ्या आहेत, पोरी. आधी बांधा, आता काढा. तुमचं एकदा काय ते ठरवा!"

मार्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कॅप्टनची बाही धरली आणि त्याला फरफटत पाचेकोपुढे आणलं. "आता टॉवेलचं काय ते एकमेकांना सांगा. माझ्यासमोर!"

दोघांनी सांगितलं. कॅप्टननं घाईघाईनं वायरलेस उचलला. ज्युनिपर रस्त्यावर परत गाडी पाठवली.

"म्हातारबाबा मिळाले," शेवटी उत्तर आलं. "शिव्या घालतायत."

मार्ला तिथेच खाली बसून रडू लागली.

"कॅप्टन," पाचेकोनं हळूच विचारलं, "असे टॉवेल किती घरांना होते?"

ओडेलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जवळजवळ सगळ्याच. आम्हाला वाटलं, यंदा लोक शहाणे झाले."