चारांतले आम्ही दोघे

सकाळपासून बर्फ भुरभुरतंय. वारा नाही. धुराड्यांचा धूर सरळ वर जातोय आणि खिंडीचा रस्ता पांढरा होत चाललाय. अशाच दिवसांसाठी माझा जन्म. मी हिवाळी टायर, वुकोटाच्या लाल गाडीचं पुढचं उजवं चाक.

माझं रबर मऊ, थंडीतही न आखडणारं. मागच्या हिवाळ्यात, नोव्हेंबरात, म्हातारा वुकोटा दुकानात आला. त्याने खाचांत बोट घालून खोली पाहिली, लोखंडी रिमवर टिचक्या मारून ऐकलं. कलिंगड निवडावं तसं आम्हाला निवडलं. बायकोला, स्तानाला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं होतं, खिंड उतरून. एक खेप चुकली की तिचं अंग सुजायचं.

शेजारचा रादोये सोबत होता. चारही घे, म्हणाला. वुकोटाने दोनच उचलले. आमच्याकडे बरेच जण तसंच करतात.

"गाडी ओढतात पुढची चाकं," तो म्हणाला. "मागची नुसती मागून येतात. तुझ्यासारखी."

रादोये हसला. मीही मनातून फुगलो.

आमच्याकडे गाडी डाव्या बाजूला बसून चालवतात, त्यामुळे स्ताना उजवीकडे, माझ्या वरच्याच जागेवर बसायची. प्रत्येक वळणावर म्हणायची, हळू घे, दवाखाना काही पळून जात नाही.

जानेवारीत उताराच्या वळणावर वुकोटाने ब्रेक दाबला. मी रस्ता घट्ट धरला. मागच्या उन्हाळी टायरांना काही धरवेना. गाडीची शेपटी गरकन फिरली आणि स्तानाची बाजू कड्यावर आदळली. मी तेवढा धरून राहिलो, म्हणून गाडी फिरली. हे मला कोणी सांगितलं नाही, पण कळतं.

चौथ्या दिवशी स्ताना गेली.

मोडलेल्या दाराच्या जागी आता दुसऱ्या गाडीचं निळं दार आहे. वर्षभर गाडी जागची हलली नाही. आज स्तानाचं वर्ष. तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची तर तेच वळण उतरावं लागतं. वुकोटाने दोन नवे हिवाळी टायर आणले, बर्फात गुडघे टेकून मागे बसवले, आणि पाना हातात धरून तसाच उभा राहिला. किल्ली खिशातच.

तुम्ही आम्हाला घ्याल तेव्हा चौघांना मिळून घ्या, बाबांनो. एवढंच मागणं.

कुंपणापलीकडून रादोये आला. टोपीवरचं बर्फ झटकलं, गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "चल. पुढची जागा तिची राहू दे. मी मागे बसतो."