मी बिघडलो नव्हतो, तहानलो होतो

मित्रांनो, मी एक जुना आइस मेकर आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी, फ्रीझरच्या डाव्या भिंतीला स्क्रूने बसवलेला. या उन्हाळ्यात मला नालायक ठरवले गेले. ते कसे, हे मी रागानेच सांगणार आहे, कारण राग अजून गेलेला नाही.

माझे काम साधे आहे. भिंतीवरच्या फिल्टरपासून एक बारीक पांढरी नळी खिडकीखालून फ्रिजच्या मागे येते. तिच्यातले पाणी माझ्या साच्यात पडते आणि गोठते. मग मी साचा किंचित गरम करतो आणि चंद्रकोरीसारखे गुळगुळीत तुकडे खालच्या डब्यात ढकलतो. डबा भरला की माझी तारेची दांडी वर अडते आणि मी थांबतो. मला एवढेच येते, पण ते मी वर्षानुवर्षे न चुकता केले. पाहुणे आले की या घरचा मुलगा हर्षित मुद्दाम फ्रीझर उघडायचा. "पाहा भाऊ, आपोआप बर्फ!" तेव्हा मी घरचा होतो.

पुढे हर्षितच्या आईला, इंदुताईंना, मोठे आजारपण आले. औषधांनी त्यांचे तोंड आतून सोलून निघाले. घोटभर पाण्यानेही आग व्हायची. डॉक्टरांनी सांगितले, बर्फाचा तुकडा जिभेवर धरून तोंड बधिर करा आणि मग भाताची पेज द्या. बाजारातला बर्फ अजिबात नको. आणि खाणे थांबले, तर पुढचे औषध देता येणार नाही. म्हणजे माझ्या तुकड्यांवर इंदुताईंचे जेवण चालले होते आणि जेवणावर उपचार. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू झाला आणि माझे तुकडे बारीक होऊ लागले. मग पोकळ. मग येणारे चार थेंबही नळीच्या तोंडाशीच गोठले, तोंड बुजले आणि डबा रिकामा राहिला.

हर्षितने आधी काय केले? फ्रिजवर थाप मारली. मग आणखी जोरात मारली.

"चालूनच नाही राहिला वं हा!"

"मारून चालते काय?" त्याची बायको रीना म्हणाली. "बैल आहे काय तो?"

मग त्याने दांडी वरखाली केली. फ्रीझरची थंडी वाढवली. मोबाइलवर कुण्या माणसाचा व्हिडिओ पाहून प्लग काढला आणि पुन्हा लावला. यातले काही चूक होते असे मी म्हणत नाही. पण माझ्यापर्यंत पाणी पोचते का, हे कोणी पाहिले? थंडी वाढवल्यामुळे नळीच्या तोंडातला बर्फ आणखी घट्ट झाला, एवढेच.

रीनाने वाटीत पाणी गोठवून बत्त्याने फोडले. त्या तुकड्यांना काचेसारख्या कडा होत्या. एक कड इंदुताईंच्या जखमेला लागली आणि रक्त आले. त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. पेज तशीच निवत राहिली.

इंदुताईंची खुर्ची स्वयंपाकघरातच, फ्रिजसमोर होती. शेजारच्या खिडकीत कूलर होता. तोंडातल्या जखमांमुळे त्यांना बोलता येत नव्हते. औषधाने बोटे बधिर झाल्यामुळे पेनही धरवत नव्हता. त्यांनी हात उचलून कूलरच्या दिशेने बोट दाखवले.

"गरम होऊन राहिलं काय आई?" हर्षितने कूलरचा वेग वाढवला.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवले.

"बरं, कमी करतो. थंडी वाजत असन."

इंदुताईंनी डोळे मिटून घेतले. फ्रीझरचे दार सताड उघडे टाकलेले होते. मी सगळे पाहत होतो आणि मलाही बोलता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सौरव नावाचा मेकॅनिक आला. त्याने माझ्यावर टॉर्च मारला आणि लगेच निकाल दिला. "भाऊ, हे युनिटच गेलं. काढून टाकतो. नवीन पार्ट याले आठवडा लागन."

आठवडा! इंदुताईंचे पुढचे औषध त्याच्या आधीच होते. पेचकस माझ्या पहिल्या स्क्रूला लागला.

तेवढ्यात इंदुताईंनी खुर्चीच्या हातावर तळवा आपटला. सगळे वळले. पुन्हा तेच बोट.

"अवं आई, कूलर चालूच आहे ना!" हर्षित वैतागला.

"थांबा जरा," रीना म्हणाली. ती सासूच्या खुर्चीमागे बसली आणि तिने आपला डोळा त्यांच्या बोटाच्या रेषेत आणला. "आई पंख्याकडे दाखवूनच नाही राहिल्या. खाली पाहा, खाली!"

कूलरच्या स्टँडमागे माझी पांढरी नळी होती. ती मध्येच कापून तिला तीन तोंडांचा जोड बसवला होता आणि त्यातून निघालेली दुसरी नळी कूलरच्या टाकीत सोडली होती.

"हे कोणी केलं?" रीनाने विचारले.

हर्षितचा आवाज खाली गेला. "मीच, नवतपा लागला तवा, आईसमोरच. आईजवळून उठून बादल्या भराव्या लागू नये म्हणून. आपोआप भरन, म्हटलं."

"वाळ्याच्या ताट्यायले फिल्टरचं पाणी? अन् मले काहून नाही सांगितलं?"

मित्रांनो, गाळून स्वच्छ केलेले माझे पाणी कूलर दिवसभर आपल्या ताट्यांमधल्या वाळ्याच्या गवतावर ओतत होता, आणि थापा मी खात होतो! हर्षितने ते आईसाठीच केले, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे माझ्या साच्यात एक थेंबही जास्त पडला नाही.

रीनाने सौरवकडून जोड काढून नळी सांधून घेतली. तिचे टोक पेल्यात धरून पाहिले, तर चांगली धार लागली. मग तिने नळीच्या तोंडातला बर्फ कोमट पाण्याने विरघळवला. माझी पहिली खेप तिने फेकून दिली, कारण उघडलेल्या नळीतली घाण तिच्यात उतरते. दुसऱ्या खेपेतला तुकडा तिने इंदुताईंच्या जिभेवर ठेवला.

तुकडा हळूहळू विरघळला. मग इंदुताईंनी पेजेकडे मान वळवली. वाटी संपली. बधिर जिभेने त्या हळूहळू म्हणाल्या, "बाप्पा रे! मी नळी दाखवून राहिली, अन् हा कूलरचं बटणच फिरवून राहिला."

रीना हसली. हर्षितला हसता आले नाही. तो बादली घेऊन कूलर भरायला गेला.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू थांबली, तर हात उगारण्याआधी तिला लागते ते तिच्यापर्यंत पोचते का, ते पाहा. आणि घरातल्या एखाद्या माणसाला बोलता येत नसेल, तर त्याने उचललेले बोट कुठवर जाते, ते शेवटपर्यंत पाहा. अर्ध्या वाटेत आपलेच उत्तर त्याच्या बोटाला चिकटवून मोकळे होऊ नका.